मोरीला बोळा, दरवाजा मोकळा: घरातली वीज नेमकी जाते कुठे?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. 'अं…' आणि 'म्हणजे ना…' जिथे जिथे फार झालं तिथे कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. मध्ये एकदा कुकरची शिट्टी वाजते, ती लिहिता आली नाही.)

आज पैसे वाचवण्याबद्दल बोलूया, पण शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी यातलं काही नाही. आज फक्त घरातलं लाइट बिल. आणि थोडा गॅस.

हा भाग मी करणार नव्हतो. पण मे महिन्यात घरी एक गोष्ट घडली. माझं घर कराडला. आई-बाबा दोघंच असतात तिथे, मी पुण्यात नोकरीला. वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून दोन आठवडे घरी गेलो होतो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. मी कॉलवर होतो, हेडफोन घालून, त्यामुळे मला ऐकूच आलं नाही. बाबा धावले. आई ओट्याला टेकून खाली बसली होती, चेहरा पांढराफटक, अंग घामाने भिजलेलं. चक्कर आली होती.

डॉक्टर म्हणाले, उष्म्याचा त्रास आहे, पाणी कमी पडलंय. सलाईन लावलं, संध्याकाळी घरी आलो. सगळं मिळून चौदाशे पन्नास रुपये झाले. आई ठीक आहे आता, काळजी करू नका.

पण घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात पंखा आहे. छताला, चांगला चालू स्थितीतला. तो आई लावतच नाही. विचारलं तर म्हणाली, "एक तर ज्योत हलते, आंच नीट लागत नाही. आणि दोन-तीन तास तिथे उभं राहायचं, त्यासाठी कशाला बिल वाढवायचं?"

मला राग आला. आईचा नाही, त्या हिशोबाचा. कारण तो हिशोब कोणी केलेलाच नव्हता!

मग मी केला. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. म्हणजे ७५ वॅटचा पंखा तीन तास चालला तर २२५ वॅट-तास, एका युनिटाच्या पाव भागापेक्षाही कमी. आमच्याकडे महिन्याचं शेवटचं युनिट सगळे आकार आणि शुल्क धरून बारा-तेरा रुपयांना पडत होतं. म्हणजे आई दिवसाला पावणेतीन-तीन रुपये वाचवत होती. अख्खा उन्हाळा, नव्वद दिवस धरले तरी पावणेतीनशेच्या आसपास. आणि एका दुपारी गेले चौदाशे पन्नास.

आता यात आईला हसण्यासारखं काही नाही, कारण तिची सवय ज्या काळात लागली त्या काळात ती बरोबर होती. तेव्हा खोलीत ६० नाहीतर १०० वॅटचा पिवळा बल्ब असायचा, ट्यूबलाइट चोक धरून पन्नासच्या वर जायची. चार खोल्यांतले दिवे संध्याकाळभर चालू राहिले तर बिलावर खरंच दिसायचं. "बाहेर पडताना लाइट बंद कर" हे वाक्य तुमच्याही घरात हजार वेळा ऐकलं असेल. पण जानेवारी २०१५मध्ये सरकारची उजाला योजना आली, एलईडी बल्ब स्वस्त झाले, आणि ६० वॅटच्या जागी ९ वॅट आला. गणित बदललं, सवय तीच राहिली. दिवा बंद करायलाच हवा, पण आता तो बंद केल्याने तुमचं बिल उतरत नाही.

मराठीत एक म्हण आहे, 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा'. बारीक भोक बुजवायचं आणि मोठं दार सताड उघडं ठेवायचं. मला आमच्या घरातलं ते दार शोधायचं होतं.

शोधलं कसं ते सांगतो, कारण या भागातलं हेच तुम्ही आज रात्री करून बघू शकता. खर्च शून्य रुपये.

तुमच्या घराच्या वीज मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. याचा अर्थ असा की हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळालं. म्हणजे तो दिवा तुम्हाला आत्ता, या क्षणी घर किती वीज ओढतंय ते सांगतोय, आणि आपण आयुष्यभर त्याच्याकडे बघत नाही! मी तर बीटेक केलंय, चार वर्षं हॉस्टेलवर राहून आलो, मलाही कधी सुचलं नव्हतं.

करायचं एवढंच. मोबाइलचं स्टॉपवॉच काढा. दोन लुकलुकाटांमध्ये किती सेकंद जातात ते मोजा. ११२५ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर आलं ते वॅट. पाच सेकंदांनी लुकलुकत असेल तर ११२५ भागिले ५, म्हणजे २२५ वॅट. भरभर लुकलुकत असेल तर दहा लुकलुकाट मोजा आणि ११२५०ला भागा. तुमच्या मीटरवर ३२००च्या जागी दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा, जे येईल ते ११२५च्या जागी वापरा. फक्त बाहेरून बघायचं. मीटरच्या पेटीत हात घालायचा नाही, सील-बिल काही हलवायचं नाही.

आम्ही रविवारी सकाळी हा प्रयोग केला. बाबा मीटरपाशी स्टॉपवॉच घेऊन, मी आत एकेक बटण बंद करतोय, आई मध्ये उभी राहून दोघांना "काय खुळ्यासारखं चाललंय" म्हणतेय. पंखे बंद. टीव्हीचा कोपरा मुख्य बटणापासून बंद. राउटर बंद. फ्रिजचा प्लग काढला. आता घरात काहीच चालू नाही. दिवा थांबायला हवा.

बाबा ओरडले, "लुकलुकतोय की!"

अठ्ठावीस सेकंदांनी एकदा, पण नियमित. ११२५ भागिले २८, म्हणजे ४० वॅट. कोणीही काहीही वापरत नसताना.

आमच्या धंद्यात याला काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे: सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी प्रोसेसर कोण खातंय? अर्धा तास शोधलं. शेवटी जिन्याखाली सापडला. इन्व्हर्टर.

हा इन्व्हर्टर लोडशेडिंगच्या काळातला. माझ्या शाळेच्या दिवसांत वीज तासन्‌तास जायची, दहावीचा अभ्यास त्याच्याच उजेडात झाला. त्यामुळे बाबांचा त्याच्यावर फार जीव. बॅटरी मध्ये एकदा बदललेली, पण तीही आता म्हातारी झाली होती. लाइट गेली तर दहा मिनिटं टिकायची. आणि अशी जुनी बॅटरी पूर्ण चार्ज होतच नाही, म्हणून इन्व्हर्टर तिला रात्रंदिवस थोडी थोडी वीज पाजत बसतो. ४० वॅट, गुणिले २४ तास, गुणिले ३० दिवस: जवळजवळ २९ युनिटं महिन्याला. साडेतीनशे रुपयांच्या वर. आई स्वयंपाकघरात तीन तास घामात उभी राहून महिनाभरात जेवढं वाचवत होती, त्याच्या चौपट हा जिन्याखाली बसून खात होता.

आई काही बोलली नाही. फक्त बाबांकडे बघितलं.

तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर लगेच काढून टाका असं मी म्हणत नाहीये हां. जिथे रोज वीज जाते, घरात कोणी आजारी आहे, तिथे तो हवाच. पण तो किती खातो ते मोजा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आहे का ते बघा, आणि बॅटरी मेलेली असेल तर तिला उगाच पाजत बसू नका.

आता बाकीची दारं. दुसरं दार म्हणजे फ्रिज. आमचा सतरा-अठरा वर्षांचा आहे. प्लगमध्ये लावायचा छोटा वीज मोजणारा मीटर मिळतो ऑनलाइन. मी एका मित्राकडून उसना आणला, तुम्हीही सोसायटीत एक घेऊन फिरवा, प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. त्यात फ्रिज दिवसाला २.१ युनिट दिसला. महिन्याला त्रेसष्ट! आजचा चांगल्या स्टारचा त्याच आकाराचा फ्रिज वर्षाला दोनशे-अडीचशे युनिटांत भागवतो. लेबलवर वर्षाची युनिटं छापलेलीच असतात, दुकानात स्टार मोजण्यापेक्षा तो आकडा वाचा. कारण स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, जुन्या पाच स्टारची किंमत आज पाच स्टारची राहत नाही.

नवीन फ्रिज घ्यायचा का? आईचं मत, "चालतोय ना अजून?" ठीक. मग आधी स्वस्तातलं करून बघितलं. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघून आली तर दाराचं रबर सैल झालंय, गार हवा चोवीस तास बाहेर पडतेय. आमची नोट खालच्या कोपऱ्यात ओढायचीसुद्धा गरज पडली नाही, आपोआप पडली. रबर बदललं, साडेसहाशे रुपये. फ्रिज भिंतीला चिकटून होता, तो वीतभर पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली. फ्रिजचं काम आतली उष्णता मागून बाहेर फेकणं, मागे जागाच नसेल तर तो फेकणार कुठे? दिवसाला १.६ युनिटांवर आला. नवा घेतला असता तर आणखी उतरला असता, पण तो विषय दिवाळीला.

तिसरं दार: गीझर. इथे बाबा सापडले. बाबा साडेपाचला उठून गीझर लावतात, मग फिरायला जातात, चहा, पेपर, आणि अंघोळ आठला. तोपर्यंत गीझर तापतोय, निवतोय, परत तापतोय. आणि तापमानाचा काटा शेवटपर्यंत फिरवलेला, मग त्या कढत पाण्यात तेवढंच गार पाणी ओतायचं.

इथे थोडं गणित करू, कारण तापवणं हा घरातला सगळ्यात महाग धंदा आहे. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे: जी वस्तू काहीतरी तापवते किंवा गार करते ती वीज खाते, जी फक्त उजेड देते किंवा बोलते ती कुरतडते. १५ लिटरचा गीझर, नळाचं पाणी उन्हाळ्यात २८ अंश, ते ६० अंशांपर्यंत न्यायचं तर साडेपाचशेच्या थोडे वर वॅट-तास लागतात, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. २००० वॅटच्या गीझरला सतरा-अठरा मिनिटं. आणि त्या १५ लिटरांत गार पाणी मिसळून ४० अंशांचं जवळजवळ ४० लिटर पाणी होतं, म्हणजे दोन बादल्या. म्हणजे उन्हाळ्यात दोन माणसांची अंघोळ एकदाच, वीस मिनिटं गीझर लावून होते, अट एवढीच की दोघांनी लागोपाठ करायची. अडीच तासांची गरज नाही.

बाबांना हे पटवायला मात्र अडीच दिवस लागले. "पेपर वाचल्याशिवाय अंघोळीला जायची सवय नाही." शेवटी तोडगा निघाला. गीझर साडेसातला, पेपरच्या शेवटच्या पानावर. आई त्यांच्या आधी. गीझर १.३ वरून ०.७ युनिटांवर आला.

सेट-टॉप बॉक्स पटकन सांगतो. रिमोटने बंद केला तरी तो बंद होत नाही, आमचा लाल दिवा लावून ११ वॅट घेत बसतो. चोवीस तासांत पाव युनिटाच्या वर. तुलना करायची तर, ५००० एमएएचचा मोबाइल पूर्ण चार्ज करायला चार्जरमधली नासाडी धरून २५ वॅट-तास लागतात. म्हणजे आमचा झोपलेला सेट-टॉप बॉक्स दिवसाला दहा मोबाइल चार्ज होतील एवढी वीज खातो. आणि घरात भांडण कशावरून? "चार्जर लावून ठेवलास परत!" मोबाइल रोज चार्ज केला तरी वर्षाला नऊ युनिटं, नुसता लटकलेला चार्जर तर त्याहून किती तरी कमी. त्यामुळे पुढच्या वेळी आई चार्जरवरून ओरडली तर हा भाग लावा. (माझी जबाबदारी नाही.)

आता बिलाचा एक मोठा गैरसमज, जो आमच्याही घरात होता. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. बऱ्याच लोकांना वाटतं की १०१वं युनिट झालं की सगळीच युनिटं महाग दराने. तसं नाही. पहिली शंभर स्वस्त दरानेच लागतात, त्यावरची तेवढी महाग. पण याचा उलटा अर्थ जास्त कामाचा आहे. तुम्ही एक युनिट वाचवलंत तर ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातलं वाचतं. १०१ ते ३००मधलं युनिट पहिल्या टप्प्यातल्या युनिटाच्या जवळपास दुप्पट पडतं. म्हणजे २१४ युनिटांच्या घरात दहा युनिटं वाचवणं आणि ९० युनिटांच्या घरात दहा युनिटं वाचवणं, पैशात सारखं नाही. दर बदलत राहतात, म्हणून माझे आकडे पाठ करू नका, स्वतःच्या बिलावरचा दरांचा तक्ता वाचा. त्यात वीज आकार, त्यावर वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क हे मिळवा, तेव्हा शेवटच्या युनिटाची खरी किंमत कळते. आणि हो, कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर सवलत मिळते, वेळेआधी भरलं तरी मिळते. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

इथवर मी घरात शहाणा ठरत होतो. आता माझी फजिती.

डोक्यात हवा गेल्यावर मी आईला म्हणालो, "गॅस सोड, इंडक्शन घे. कार्यक्षमता बघ, गॅसच्या शेगडीची कशीबशी सत्तर टक्के, इंडक्शनची पंच्याऐंशी." आई म्हणाली, "पैशात सांग."

पैशात सांगायला बसलो. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्यातली सगळी उष्णता विजेच्या भाषेत साधारण १८० युनिटं. चांगली आयएसआय शेगडी त्यातली निदान ६८ टक्के भांड्याला देते, म्हणजे १२२-१२३ युनिटं कामाला आली. सिलिंडर पावणेनऊशेच्या आसपास धरला तर कामाचं एक युनिट सात रुपयांना. आणि इंडक्शनवर? आमचं वरच्या टप्प्यातलं युनिट साडेबारा रुपये, भागिले ०.८५, म्हणजे पावणेपंधरा रुपये. दुप्पट! पुण्यात आम्ही तिघं मित्र राहतो, तिथे महिन्याला शंभरच्या आत युनिटं जळतात, तिथे इंडक्शन गॅसच्या आसपास जातं. पण कराडच्या घरात गॅसच बरा. तुमच्या सिलिंडरची किंमत आणि तुमचा टप्पा घालून बघा, उत्तर वेगळं येऊ शकतं.

मग मी गप्प बसून आईचा स्वयंपाक बघितला. खरं सांगतो, तिला मी काही शिकवण्यासारखं नव्हतंच. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवलेले. एकाच कुकरमध्ये खाली वरणाचा डबा, त्यावर भाताचा, वर बटाटे. पहिली शिट्टी झाली की आंच एकदम बारीक. का, ते तिने कधी वाचलेलं नाही, पण कारण पक्कं आहे: कुकरमध्ये दाब आला की आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि मोठ्या आंचेने ते त्याहून वर जात नाही. जास्तीची उष्णता शिट्टीतून वाफ होऊन बाहेर जाते. म्हणजे सात शिट्ट्या झाल्या म्हणजे अन्न जास्त शिजलं असं नाही, गॅस जास्त शिजला. बारीक आंचेवर तेवढाच वेळ ठेवलं तरी तेच वरण. चहाच्या पातेल्यावर झाकण, छोटं पातेलं छोट्या बर्नरवर, ज्योत बुडाच्या बाहेर येऊ द्यायची नाही. ज्योत पिवळी दिसली की त्याच दिवशी बर्नर काढून भोकं साफ करायची. फ्रिजमधलं दूध तासभर आधी बाहेर. सिलिंडर किती उरलाय ते बघायला बाहेरून ओल्या फडक्याने पुसते: वरचा भाग लवकर वाळतो, जिथपर्यंत ओल टिकते तिथपर्यंत गॅस. सिलिंडर आला की वजन करून घेते, रिकाम्या टाकीचं वजन वर कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे. डिलिव्हरीवाला कंटाळतो, पण तो आपला हक्क आहे.

दोन माणसांत आमचा सिलिंडर सव्वादोन महिने जातो. गॅस आईच्या हातात होता आणि तिथे एक थेंब सांडत नव्हता. वीज तिच्या हातात नव्हती. गीझर बाबांचा, इन्व्हर्टर बाबांचा, टीव्ही दोघांचा. तिच्या हातात तिचा स्वतःचा पंखा तेवढा होता, म्हणून तिने तो बंद केला.

मे महिन्याचं बिल आलं २४३. एप्रिलचं २१४ होतं. आईने चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हिशोब केला, तर लॅपटॉप, त्याला जोडलेला मोठा मॉनिटर, आणि माझ्या खोलीतला दिवस-रात्र चाललेला पंखा, मिळून रोजची दोन युनिटं. चौदा दिवस. अठ्ठावीस. घरातल्या काटकसरीवर भाषण देणारा माणूसच बिल चढवून गेला होता.

तर निघण्याआधीच्या रविवारी झालेल्या कामांची यादी सांगतो. इन्व्हर्टर काढला. बाबा दोन दिवस नाराज होते, "लाइट गेली तर?" म्हणून दोन चार्ज होणारे एलईडी बल्ब आणले, आठशे रुपयांना, वीज गेली की ते आपोआप चालू राहतात. इलेक्ट्रिशियनने वायरिंग परत थेट जोडून दिलं, चारशे. बॅटरी भंगारात दिली, साडेतीन हजार आले. (शिशामुळे जुन्या बॅटरीला चांगला भाव येतो, कचऱ्यात टाकू नका, आणि त्यातलं अ‍ॅसिड मोरीत ओतू तर अजिबात नका.) त्यातून स्वयंपाकघरात भिंतीवर लावायचा छोटा पंखा घेतला, एकोणीसशे. तो शेगडीच्या बाजूला नाही, आईच्या पाठीमागे, खांद्याच्या उंचीवर, तिरका. ज्योत हलत नाही. जागा ठरवायला आम्ही मेणबत्ती घेऊन तीन ठिकाणी प्रयोग केला.

कोणी विचारेल, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे का नाही घेतले? घ्यायचे आहेत, पण एकच, हॉलमधला. तो दिवसाला बारा तास चालतो. ७५च्या जागी ३० वॅट, म्हणजे महिन्याला सोळा युनिटं वाचणार, दोनशे रुपयांच्या आसपास. तीन हजारांचा पंखा पंधरा महिन्यांत फिटतो. पाहुण्यांच्या खोलीत जो महिन्यातून दोन दिवस फिरतो, तो बदलून काही मिळत नाही. दुकानदार चारही बदला म्हणेल, त्याचं ऐकू नका. आणि ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्यासाठी एकच वाक्य: जानेवारी २०२०पासून स्टार लेबलचे एसी मुळात २४ अंशांवर सुरू होतात, तो आकडा आपण रिमोटने अठरावर नेतो, तो नेऊ नका. सोबत पंखा लावा.

जूनचं बिल आलं १४१ युनिटं. मेच्या तुलनेत शंभर कमी, पण ती तुलना खोटी आहे. जूनमध्ये पाऊस आला, पंखे कमी फिरले, आणि मीही नव्हतो. म्हणून मागच्या वर्षीचा जून बघितला, मागच्या महिन्यांचा वापर बिलावर असतोच. तेव्हा १९८ होते. सत्तावन्न युनिटं कमी, सातशे रुपयांच्या आसपास. त्यात स्वयंपाकघरातला नवीन पंखा रोज चार तास चालू आहे.

म्हणजे चालू असतो असं बाबा सांगतात. मी परवा व्हिडिओ कॉल केला तेव्हा आई पोळ्या करत होती आणि पंखा बंद होता. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आत्ताच बंद केला रे, पाऊस पडतोय, गार आहे. तुझा तो मोठा मॉनिटर बंद केलास का?"

केला नव्हता. बाजूलाच होता, स्क्रीनसेव्हर फिरत होता.

चला, तुमच्या मीटरचा लुकलुकाट किती सेकंदांचा आला ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. सगळं बंद करूनही दिवा थांबत नसेल तर आवर्जून पाठवा, पुढच्या भागात मिळून शोधू कोण खातंय ते. भेटूया!